वाढलेली बांगडी

खरांगण्याच्या बाजारात, गुजरीच्या टोकाला
तेवीस वर्षं माझं पोतं अंथरलेलं.
चेहरे विसरते मी. हात नाही.
हात पुढे आला की सांगते, सव्वादोन.
बाई म्हणते, अडीच दे व, घट्ट होईन.
मी तिचा अंगठा तळव्यात मिटवते,
उशीत कापूस दाबावा तशी पेरं दाबते
आणि सांध्यावरून काच उतरते.
सगळं कसब त्या एका वळणावर,
हाड कुठे नमतं, कुठे नाही.

माझ्या कोपरावर चट्टा आला तेव्हा
धाकटी नुकती चालायला लागली होती.
आधी रुपयाएवढा, मग बशीएवढा.
वर पांढरा पापुद्रा, खरवडला की खाली रक्ताचे टिपके.
आधी पदर, मग पूर्ण बाहीचं पोलकं,
एप्रिलात, वर्ध्याच्या त्या उन्हात.
कोणी म्हणालं गजकर्ण,
कोणी त्याहून वाईट काही, हळू आवाजात.
एका बाईनं हात पुढे केला,
माझं मनगट पाहिलं, मागे घेतला.
"उद्या येतो," म्हणाली.
बाजार आठवड्याचा असतो.

कातडीसाठी आर्वीचा वैदू, करंजीचं तेल.
मग बोटं सुजली. मधलं तर अख्खंच,
वेलचीकेळ्यासारखं.
त्यासाठी देवळीचा हाडवैद्य, एरंडाची पानं.
दोन दुखणी, दोन वाटा, दोनदा बसभाडं.
कातडीच्या माणसाला मी कधी बोट दाखवलं नाही,
हाडाच्या माणसाला कोपर नाही.
लाज असते ना, ती हिशेब वेगवेगळे ठेवते.

सकाळी सहाला मूठ उघडायची नाही.
कप नवरा ओठाला लावायचा.
आठला करंगळी, साडेआठला बाकीची.
मग पेटी.

सेवाग्रामला रामटेके डॉक्टरीणबाईंनी
आधी कोपर पाहिलं नाही, बोटही नाही.
नख पाहिलं.
शिंप्याच्या अंगुस्तानासारखे बारीक खड्डे.
"हे कधीपासून?"
म्हटलं, काचेचं काम आहे बाई, नखं जातातच.
त्या म्हणाल्या, "मावशी, चट्ट्याचं नाव सोरायसिस,
सांध्याचं दुखणंही त्याचंच.
जागलीवरच्या माणसाला झोपेत डुक्कर दिसलं
आणि तो आपल्याच पिकात गोफण मारत सुटला.
कधी दगड कातडीवर पडतो, कधी सांध्यात."
मग म्हणाल्या, "हात लावल्यानं कोणाला होत नाही."
हे त्यांनी दोनदा सांगितलं.
दुसऱ्यांदा मला रडू आलं.

आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत,
वाढली म्हणतात.
एक्स-रेच्या खोलीत माझ्याच बांगड्या
माझ्याच सांध्यावरून उतरेनात.
नर्सनं रुमालात धरून दाबल्या. सहा.
"वाढल्या," मी म्हटलं.
तिला वाटलं, सूज.

आता गोळ्या एकाच वारी, सोमवारी.
मधूनमधून रक्त तपासायचं.
वाकले ते सांधे सरळ व्हायचे नाहीत,
पुढचे वाकू नयेत, एवढंच.
भरणं लेक करते. मी माप सांगते.

परवा बोरगावला चुडा भरायचा होता.
नवरी प्रांजली, हातावर हळद.
लेकीनं तिचा हात धरला, मी वाकले,
तर लाल नेलपॉलिशखाली नख सपाट नव्हतं.
कानामागे, गजऱ्याच्या आड, पांढरी किनार.
समोर सासूची बहीण बसलेली, बांगड्या मोजत.
मी लेकीला बाजूला केलं.
माझ्या वाकड्या बोटांनी, सावकाश,
नवरीचा अंगठा मिटवला
आणि कानाशी विचारलं,
"सकाळी बोटं आखडतात का व माय?"
तिनं वर पाहिलं नाही.
"थोडीशी. थंडीनं असंन."
मे महिना होता.

काच सांध्यापाशी आली. मी थांबले.
"हे राहू दे," लेकीला म्हटलं,
"अडीच काढ."